दुपारची झोप

आमचे हे वाळूजच्या कंपनीत रात्रपाळी करायचे आणि दुपारी झोपायचे. झोपायचे कसले, भांडायचे. डोळे मिटलेले असायचे, पण हातपाय भिंतीवर आपटायचे. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावात आमची घरं जळाली, तेव्हा हे तोंडातून शब्द न काढता पळाले होते. जागेपणी अजून तसेच. सुपरवायझर काहीही बोलला तरी "व्हय साहेब."

शहरातल्या छावणी भागातले डॉक्टर म्हणाले, ही झोपेची व्याधी आहे, दाबलेला राग स्वप्नात उसळतो आणि अंग त्याच्यामागं धावतं, यांना सांभाळा. मला कोण सांभाळणार, ते नाय सांगितलं. मी भिंतीला गोधडी लावली, स्टोव्ह लांब सरकवला आणि दंडावरचे निळे डाग पदराखाली झाकून भाकरी थापत राहिले.

बजाजनगरात खोली घेताना घरमालकिणीनं आडनाव विचारलं होतं. आम्ही गावाच्या नावाला 'कर' जोडून वेळ मारून नेली होती.

एका दुपारी हे झोपेत ओरडले, "जय भीम!" अगदी खणखणीत. घरमालकीण दारात येऊन उभी राहिली.

"तुमचे मालक एरवी तर बोलत नाहीत," ती म्हणाली. "आडनावसुद्धा खरं सांगितलं नाही."

माझे हात पिठाचे होते आणि मी लई थकले होते. म्हणलं, "खरं सांगितलं असतं, तर खोली दिली असती का?"

मागं खाट करकरली. हे जागे झाले होते.

"हळू बोल," म्हणाले.