नदीवर कोण, गाडीत कोण

कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद बोट, घ्यायचं ठरलं तेव्हा मला अमेरिकेत ॲन आर्बरला येऊन एक हिवाळा झाला होता. एकच, पण तो तिघांना वाटून दिला असता तरी उरला असता. मी सांगलीची. पाठीला वाळका भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकले, आणि भोपळा सुटल्यावर घरच्यांना मला हाका मारून मारून पाण्यातून बाहेर काढावं लागे अशी माझी ख्याती होती. लग्न होऊन इथे आले तर गावातूनच नदी वाहत होती. हुरॉन तिचं नाव. दोन्ही काठांना दाट झाडी, पाणी संथ, आणि त्यात उतरायला मला काही निमित्त नाही. बस पुलावरून जायची तेव्हा मी मान वळवून बघत राहायची. शेजारी बसलेला नवरा माहिती द्यायचा, "हिवाळ्यात गोठते." जणू तेवढ्याचसाठी तिला तिथे ठेवलं होतं.

नवरा पीएच.डी. करत होता. त्याच्या प्रोफेसरांना नदीचं वेड. मे महिना उजाडला की दर शनिवारी सगळी लॅब आपापल्या कयाक घेऊन नदीवर. ज्याच्याकडे बोट नाही तो घरी. सोमवारी लॅबमध्ये शनिवारच्याच गप्पा चालत आणि हा मधे बसून हसत असे; कुठे हसायचं ते इतरांच्या तोंडांकडे बघून ठरवायचा. मला त्याची दया यायची, म्हणून बोट घेण्याला मी लगेच हो म्हटलं. माझा स्वार्थही होताच. बोट आली की नदी येणार, असा माझा साधा हिशोब.

पण नदीवरच्या सहलीत एक भानगड असते. नदी एकाच दिशेला वाहते. वरून निघालेली माणसं दुपारी खाली काही मैलांवर पाण्याबाहेर येतात आणि त्यांच्या गाड्या वरच राहतात. म्हणून कुणीतरी गाड्या खाली नेऊन ठेवायच्या. त्या लॅबमध्ये हे काम बायका करत. वाटेत काठावर थांबून नवऱ्यांना सँडविच द्यायची आणि शेवटी टॉवेल घेऊन उभं राहायचं. मला नुकतंच लायसन्स मिळालं होतं. शिकवलं नवऱ्यानंच, आणि शिकवताना तो जे जे बोलला ते मी अजून विसरलेले नाही.

हा माणूस पुण्याचा. साधी कढई घ्यायची तरी चार दुकानं आणि लायब्ररीतली मासिकं पालथी घातल्याशिवाय त्याचा हात खिशाकडे जात नाही. कयाकसाठी त्यानं सगळा एप्रिल अभ्यास केला. लांब बोट सरळ जाते, आखूड चटकन वळते. रुंद बोट डगमगत नाही, अरुंद पळते. प्लॅस्टिकची दगडावर आपटली तरी चालते पण जड, फायबरग्लासची हलकी पण जपावी लागते. हे सगळं तो मी पोळ्या लाटत असताना ऐकवायचा. मला ऐकायचं होतं ते मात्र एकदाही बोलला नाही. शेवटी मीच विचारलं, "दोघांची मिळते का रे?"

"मिळते. डबल म्हणतात."

"मग डबल घेऊ."

"अगं, ग्रुपमध्ये सगळ्यांच्या सिंगल आहेत. आणि डबल घेतली तर गाडी कोण ड्राइव्ह करणार?"

तव्यावरची पोळी करपली. मी ती त्यालाच वाढली.

(त्याला मी अरे-तुरे करायची. सासूबाईंना लिहिलेल्या पत्रात मात्र 'हे' असायचे.)

गावाबाहेर एक म्हातारे गृहस्थ जुन्या बोटी विकायचे. त्यांच्या मोठ्या गोठ्यात गायींऐवजी बोटी होत्या, काही जमिनीवर, काही आढ्याला टांगलेल्या. नवरा फूटपट्टी घेऊन मापं काढायला लागला. मी आपली माठ घेताना वाजवतात तशी एकेक बोट बोटांनी वाजवत निघाले.

"काय करतेयस? लोक बघतायत," नवरा कुजबुजला. लोक म्हणजे ते एक आजोबा.

एका लाल बोटीचा आवाज सगळीकडे टणक, आणि पुढच्या टोकाशी बद्द. आजोबांना मी ती जागा दाखवली. ते हसले आणि म्हणाले, तिथे दगड लागून भोक पडलं होतं, मीच बुजवलंय. नवऱ्याची पहिली पसंती नेमकी तीच होती. त्यानं फूटपट्टी खिशात ठेवली आणि पुढची प्रत्येक बोट वाजवून बघायला मलाच पुढे घातलं.

आढ्याला एक हिरवी डबल टांगलेली होती. मी तिच्याखाली जरा जास्तच रेंगाळले. ते आजोबांच्या लक्षात आलं, नवऱ्याच्या नाही. त्यांनी विचारलं, "दोघंही जाणार ना नदीवर?"

"नाही, मीच," नवरा इंग्रजीत म्हणाला. "ही गाडी चालवते."

इतक्या सरळपणे म्हणाला की रागवायलाही जागा ठेवली नाही. मी रागावले ते रागावलेच.

शेवटी एक पिवळी सिंगल पसंत पडली. आजोबांनी ती गवतावर ठेवली आणि बसून बघा म्हणाले. नवरा आत शिरला आणि चक्क मांडी घालायला लागला. त्याचे गुडघे दोन्ही कडांना अडकले आणि माणूस पाचर मारल्यासारखा बसला. त्याचा दोष नव्हता. तो जेवायचा मांडी घालून, थीसिस टाइप करायचा जमिनीवर मांडी घालून, प्रोफेसरांच्या ऑफिसातल्या खुर्चीवरसुद्धा बोलण्याच्या भरात पाय वर घ्यायचा. लोकांसमोर पाय पसरू नयेत, हे लहानपणी घरात इतकं ऐकलेलं की पाय लांब केले की त्याला अपराधी वाटायचं. आजोबांनी त्याला ओढून काढलं, पाय पुढे सोडायला लावले. "कम्फर्टेबल आहे," तो म्हणाला. दोन मिनिटांपुरती कुठलीही बैठक कम्फर्टेबलच असते.

आता ती न्यायची कशी? आमची गाडी छोटी, बोट तिच्यापेक्षा लांब. टपावर जुनी गोधडी घातली, वर बोट पालथी ठेवली आणि नवऱ्यानं दोरी आवळायला सुरुवात केली. खिडकीतून आत, पलीकडच्या खिडकीतून बाहेर, वरून फिरवून पुन्हा आत. आजोबा काहीतरी सांगायला पुढे आले, मग थांबले आणि हाताची घडी घालून बघत राहिले. मागे लटकणाऱ्या टोकाला लाल फडकं बांधावं लागतं म्हणाले. फडकं कुठलं? पण चैत्रातल्या हळदीकुंकवाला एका काकूंनी ओटीत घातलेला लाल ब्लाउजपीस गाडीतच पडून होता. तो बांधला. बोट अगदी ओटी भरून सासरी निघाल्यासारखी दिसायला लागली.

मग नवऱ्यानं दार उघडायला हात घातला. दार हलेना. चारी दारं त्यानं दोरीनं बांधून टाकली होती. आजोबा इतके हसले की त्यांना बाकावर बसावं लागलं. आम्ही डिकीचं झाकण उघडून आतून रांगत पुढे गेलो. आधी तो, मागून मी. साडी नेसून गेले नव्हते हे नशीब. रस्त्याला लागल्यावर वाऱ्यानं दोरी घुमायला लागली. आम्ही दोघं घरापर्यंत हसत होतो, आणि हसताना मी रुसलेली आहे हे मला मधूनमधून आठवून बघावं लागत होतं.

पहिला शनिवार आला. लख्ख ऊन, हवेत अजून गारवा. मी काठावरून बघितलं, तो पाय लांब करून, लाइफ जॅकेट घालून, वल्हं मारत निघाला. त्याला पोहता येत नव्हतं. लॅबमध्ये हे त्यानं सांगितलं नव्हतं, आणि मी सांगायचं नाही असं ठरलं होतं. सगळे वळणाआड गेले. आम्ही बायकांनी गाड्या काढल्या. माझी मान सारखी नदीकडे वळत होती. थोडी काळजीनं, आणि खरं सांगायचं तर बरीचशी हेव्यानं.

अर्ध्या वाटेवर एका हिरवळीवर सँडविच मांडली. बऱ्याच वेळानं बोटी दिसल्या. आमची पिवळी सगळ्यांत शेवटी, आणि तिच्यात बसलेला माणूस विचित्र हालचाली करत होता. मला लांबूनच कळलं. पायांना मुंग्या आल्या असणार. पाहता पाहता त्यानं एक पाय बाहेर काढून वर घेतला. मग दुसरा. भर नदीत, लॅबच्या देखत, माझ्या नवऱ्यानं मांडी घातली. क्षणभर मोठ्या समाधानानं बसला आणि तसाच बोटीसकट पाण्यात आडवा झाला.

मी चपला काढल्या की नाही ते आठवत नाही. पाणी बर्फासारखं होतं. मी पोचले तोवर तो हातपाय मारत ओरडत होता. मी त्याची कॉलर धरून म्हटलं, "उभा राहा."

तो उभा राहिला. पाणी कमरेपर्यंत होतं, आणि चष्मा एका कानाला लटकत होता.

काठावर हशा पिकला, तोही हसला. आता कुठे हसायचं ते कुणाकडे बघून ठरवायला नको होतं. पण पायात गोळे आले होते आणि दात वाजत होते. पुन्हा बोटीत बसणं शक्य नव्हतं. प्रोफेसर म्हणाले, काही हरकत नाही, बोट गाडीवर चढवू. मी कमरेएवढ्या पाण्यात बोटीची कड धरून उभी होते. पाणी माझ्या दोन्ही बाजूंनी वाहत होतं. किती दिवसांनी.

"मी नेते बोट," मी म्हटलं.

सगळे नवऱ्याकडे बघायला लागले. माझी भांडणाची पूर्ण तयारी होती. एप्रिलपासून वाक्यं साठवली होती, त्यांतली दोन-तीन फारच चांगली होती. तो लाइफ जॅकेटचे बंद सोडायला लागला.

"शी ग्रू अप ऑन अ रिव्हर," त्यानं सगळ्यांना सांगितलं. मला म्हणाला, "किल्ली दे."

आईबरोबर पाय पसरून शेंगा फोडत बसण्यात माझं बालपण गेलेलं, त्यामुळे बैठकीचा प्रश्न नव्हता. वल्ह्याचा होता. आधी दोन गिरक्या घेतल्या, प्रोफेसरांच्या बोटीला धडकले, मग कुठे सूर सापडला. आणि मग काय सांगू! पाण्याच्या पातळीवरून नदी वेगळीच दिसते. काठ उंच होतात. ओंडक्यावर ऊन खात बसलेली कासवं बोट अगदी जवळ आल्यावर टुपकन पाण्यात पडत होती. मी मोठ्यानं मराठीत काहीबाही बोलत होते. मी सुखात होते, याहून नेमकं सांगता येणार नाही.

पहिला पूल आला. त्यावर नवरा उभा. बाकीच्या बायका केव्हाच खाली जाऊन बसल्या होत्या, हा मात्र गाडी थांबवून कठड्यावरून वाकला होता. प्रोफेसरांची जादा पँट त्यानं घातली होती, ती गुडघ्यापर्यंत दुमडलेली. पायांत बूट नव्हते. तो जोरजोरात हात हलवत होता, पण माझ्याकडे नाही, प्रोफेसरांकडे. त्यांची बोटही पिवळी होती. दुसऱ्या पुलाशीही तेच. अनवाणी, कठड्याला चिकटून, चुकीच्या बोटीला हात. मी हाक मारल्यावर आवाजाच्या दिशेनं वळला. तेव्हा दिसलं, त्यानं चष्मा काढला होता. चष्म्याशिवाय याला समोरचा दरवाजा दिसत नाही.

तिसऱ्या पुलाखाली आमचा मुक्काम होता. तो काठाशी पाण्यात उतरून उभा होता. बोटीचं टोक त्यानं धरलं, मला हात देऊन बाहेर काढलं आणि मग खिशातून चष्मा काढून घातला.

"चष्मा का काढला होतास रे?"

"पडला असता पाण्यात."

"पुलावरून?"

तो बोटीतलं पाणी काढायला लागला. वर न बघता म्हणाला, "तू उलटली असतीस, तर उडी मारावी लागली असती ना."

मी हसायला लागले आणि माझे डोळे भरून आले. "वेड्या, तुला पोहता येत नाही!"

"मला नाही येत," तो म्हणाला. "पण तू होतीस की तिथे."