नावेच्या पंचनाम्यावरचा अंगठा

आमचं शेत गोदावरीच्या पलीकडं. पूल लांब, म्हणून आई रोज घाटावरच्या सरकारी नावेनं जायची. नावेचा तळ पाझरायचा. बसलेल्या बाया डब्यानं पाणी उपसत राहायच्या. एकदा काठाजवळ येताना तळाची फळीच निसटली. पाणी कमरेएवढं, म्हणून सगळे वाचले.

घाटाचा कारभार बघणाऱ्या ऑफिसात मी गेले. साहेब म्हणाले, "नाव दरवर्षी तपासतो आम्ही. कागद आहेत."

"मग दाखवा."

"असे कुणालाही दाखवत नसतात, मॅडम."

मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. उत्तर नाही. अपील केलं. तेव्हा कुठं एका दुपारी फाईल पुढ्यात आली. आई सोबत होती. मी तिला पंचनामा वाचून दाखवला: नाव सुस्थितीत, लाइफ जॅकेटं पुरेशी, प्रवाशांची तक्रार नाही. खाली पंच म्हणून आईचं नाव, आणि त्यापुढं अंगठा.

आई उठून उभी राहिली. "साहेब, ह्यो अंगठा कुणाचा हाय?"

"तुमचाच असेल, मावशी. विसरला असाल."

"म्या अंगठा लावत न्हाई. सही शिकून लई वर्सं झाली." तिनं त्यांच्याच टेबलावरचा पेन उचलला आणि माझ्या अर्जाच्या पाठीवर एकेक अक्षर दाबून पूर्ण नाव लिहिलं. साहेब फाईल मिटायला लागले. मी फाईलवर हात ठेवला. "आधी शिक्क्याची नक्कल द्या."

नक्कल घेऊनच आम्ही उठलो आणि वरच्या ऑफिसात तक्रार दिली. ऑफिसनं पहिलं काम काय केलं, तर नावच बंद केली. गाव आमच्यावर उलटलं. "तुमच्यापायी वाट गेली," शेजारीण तोंडावर म्हणाली. तक्रार मागं घ्यावी असं मलाही वाटून गेलं. आई मात्र पलीकडं शेत असलेल्या घराघरांत फिरली. "वाट त्यांनी बंद केली, म्या न्हाई. चला, समद्या मिळून इचारू."

पंधरा-वीस बाया ऑफिसच्या दारात बसल्या, ती शेजारीणसुद्धा. काही आठवड्यांनी नवी नाव आली. तपासायला दुसरे साहेब आले आणि काठावरच कागद काढून लिहायला लागले.

"लिवू नका," आई म्हणाली. "आदी बसा. पलीकडं जाऊन या."

ते बसले. बायांनी त्यांना जॅकेटसुद्धा घालायला लावलं.

खोट्या अंगठ्याची चौकशी अजून चालू आहे. तारीख लागली की आम्ही दोघी जातो. दारावरचा शिपाई आता काय काम आहे ते विचारत नाही, खुर्च्या सरकवतो.