आप्पांचे खरे मार्क

आमचे आप्पा जेवायला बसले की पहिला घास घेऊन भाजीला मार्क द्यायचे. "दहापैकी सहा. मीठ कमी हाय." आई म्हणायची, "आन् धुण्याभांड्याचे किती?" आप्पा गंभीरपणे सांगायचे, "तो विषय वेगळा." ही थट्टा नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

न्हावऱ्याच्या शाळेत ते अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवायचे आणि मी त्यांच्याच वर्गात होते. 'ऑब्जेक्टिव्ह' हा त्यांचा लाडका शब्द. फळ्यावर लिहून म्हणायचे, "पेपरात आला तर खुणा करायचे प्रश्न. तुमच्या आयुष्यात आला तर ध्येय. आन् मास्तराच्या अंगात आला, म्हंजी आपला-परका बघायचं न्हाई." मग एकेकाला उभं करून ध्येय विचारायचे. मी नर्स म्हणाले. "आवाज मोठा काढ," एवढंच बोलले.

बारावीच्या तोंडी परीक्षेचे मार्क शाळेच्याच हातात, आणि बहुतेक मास्तर ते सढळ हाताने वाटतात. शेजारच्या तुकडीचे सर आप्पांना म्हणाले, "पोरीची तोंडी मी घेतो." आप्पा म्हणाले, "तुम्ही पैकीच्या पैकी द्याल. मी खरे देईन." त्यांच्यासमोर माझी वाचाच बसायची. त्यांनी निम्मे दिले आणि नर्सिंगचा प्रवेश थोडक्यात हुकला. शेजारच्या तुकडीतली निमोण्याची मनीषा इंग्रजीत माझ्याहून कच्ची, पण तिचा नंबर लागला. आप्पा गावभर सांगत सुटले, "पोटच्या पोरीलाबी सोडलं न्हाई." लोक कौतुकाने माना डोलवायचे. मला त्यांचा राग यायचा. अजूनही येतो.

आता मी शिक्रापूरच्या कारखान्यात सुटे भाग तपासते. दारातच 'क्वालिटी ऑब्जेक्टिव्ह'ची पाटी आहे. बाहेरचे साहेब तपासणीला आले की ती आम्हाला घडाघडा म्हणून दाखवावी लागते. तिथे माझा आवाज मोठा निघतो.

गेल्या वर्षी आप्पांना दौंडच्या दवाखान्यात ठेवलं, तर नर्स मनीषाच निघाली. तिने सुई टोचली ती त्यांना कळलीसुद्धा नाही. "दहापैकी दहा," आप्पा म्हणाले. त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं. मग माझ्याकडे बोट करून तिला म्हणाले, "हिलाबी नर्सच व्हायचं व्हतं."

"मग काय झालं, सर?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत राहिले.

"मार्क कमी पडले," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

ते मार्क कुणी दिले होते, हे गावभर सांगणाऱ्या माणसाने तिथे मात्र सांगितलं नाही. दोन दिवसांनी ते गेले.