कोंबड्याच्या अलीकडचे तीस फूट

रोज सकाळी भिकन पगारे कठड्याला हात न लावता तीन मजले चढून गच्चीवर जात आणि खाली येऊन स्वयंपाकघरात डोंगरांची वर्दी देत, "त्रिरश्मी आहे जागेवर. अंजनेरी आज ढगात." इंदिरानगरातल्या त्या घरात अंजली सून म्हणून आली, तेव्हा पहिले काही दिवस तिला हे विचित्र वाटलं. आठव्या दिवशी त्यांनी विचारलं, "येतेस का डोंगरावर?" आणि तिच्या मापाचे बूट आणून दारात ठेवले. लग्नात मिळालेल्या सगळ्या वस्तूंपेक्षा तिनं तेच जास्त वापरले.

भिकन ओझरच्या विमान कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर होते. तिथली एक शिस्त त्यांच्या अंगात मुरली होती. काम झालं की हत्यारं फडक्यावर मांडून मोजायची. एक जरी कमी भरलं तरी विमान सुटत नाही. डोंगरावरही प्रत्येक अवघड टप्प्यानंतर ते पिवळं फडकं पसरत आणि दोर अडकवायच्या कड्या मोजत. प्रसिद्ध गडांच्या वाटेला ते फारसे जात नसत. "तिथं रांग असते," म्हणत. त्यांना आवडत ते नकाशात नाव नसलेले डोंगर. त्यातला इगतपुरीमागचा कोंबड्या, माथ्यावर तुऱ्यासारखा कातळ असलेला, त्यांना दोनदा हुकला होता. आता वय सदुसष्ट. हा हिवाळा गेला तर पुढचा आपल्या गुडघ्यांचा नाही, हे त्यांनी अंजलीला सांगून ठेवलं होतं.

नोव्हेंबरात ते निघाले. वाट दाखवायला खालच्या वाडीतले सहादू होते, भातशेती करणारे, अनवाणी. पहिला कातळ चढून तिघं अरुंद पट्टीवर आले. वर तीस फूट राहिले होते. भिकननी फडकं पसरलं. आठ कड्या हव्या होत्या, सात भरल्या.

"बाबा, सात पुरतील की," अंजली म्हणाली.

"विमानाला असं म्हणून चालत नाही."

पाऊण तास तिघांनी गवत, कपारी, पिशव्या सगळं उलटंपालटं केलं. शेवटी सहादू भिकनच्या मागं जाऊन थबकले.

"पाव्हणं, ही ढुंगणावर लटाकली ती काय हाय? घंटा?"

आठवी कडी त्यांच्याच पट्ट्याला मागं अडकवलेली होती. अंजली हसली. भिकन हसले नाहीत. ते खाली बसले, कडी काढून फडक्यावर ठेवली आणि दोराचं टोक तिच्या हातात दिलं.

"कधी अडकवली, आठवत नाही गं. चुकलो ते चुकलो, पण चुकल्याचं कळलंही नाही. आता मी ठरवायचं नाही. तू सांग, वर जायचं की नाही."

अंजलीनं वर पाहिलं. तीस फूट. हात उंचावले तर लागतील असे वाटावेत. पुन्हा संधी नाही, हे तिला ठाऊक होतं. या माणसानं तिला कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं.

"नाही, बाबा. उतरू या."

"बरं," ते म्हणाले, आणि दोर गुंडाळू लागले.

"लय खमकी सून हाय तुमची," सहादू म्हणाले.

"निवडून आणलीये," भिकन म्हणाले. पायथ्याशी तिच्याकडून पाण्याची बाटली घेताना म्हणाले, "मला नाही म्हणणारं माणूस पाहिजेच होतं. बरं झालं."

फेब्रुवारीत त्यांनीच तिला मागं लागून पुन्हा धाडलं, तिच्या दोन मैत्रिणींबरोबर. त्या दिवशी अंजली कोंबड्यावर पोचली. तुऱ्यावर उभी राहिली, तेव्हा तिला आनंदापेक्षा कुणाचं तरी देणं फिटल्यासारखं हलकं वाटलं. पण घरी येईपर्यंत सगळं संपलं होतं. जेवून, ताट घासून, भिकन दुपारी आडवे झाले ते उठलेच नाहीत.

भेटायला येणारे विचारत, शेवटचं काही बोलले का? संघर्ष, तिचा नवरा, आदल्या दिवसापासून बाहेरगावी कामावर होता. ती निघाली तेव्हा घरात ती आणि भिकनच होते. ती खरं तेच सांगे. पहाटे ती बुटांच्या नाड्या बांधत असताना ते दारात येऊन म्हणाले होते, "भात मी लावीन. माझ्या जेवणासाठी पळत उतरू नको."