दुसऱ्याच्या नावानं जिंकलेली कुस्ती

गोविंददादा भोईर गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं, आणि तेही मालेगावच्या माणसाकडून. मी पडघ्याजवळच्या शाळेत शिकवतो. दादाचं घर अंजूरच्या पुढे, खाडीकाठी. दोन एसट्या बदलल्या की माणूस तिथे पोचतो. पण त्याच्या बायकोनं पहिली तार केली ती मालेगावच्या हमीद पैलवानाला. हमीद तिथून परतताना मुद्दाम शाळेपाशी उतरला. दादानं कधीतरी त्याला माझा पत्ता सांगितला असावा. "मास्तर, गोविंदभाई गये. तुमको नहीं मालूम?" त्यानं विचारलं. मला माहीत नव्हतं. घरच्यांनी मला का कळवलं नाही, ते मात्र माहीत होतं... त्याला आता महिना झाला. हे लिहायला मी एवढा वेळ घेतला, यात नवल नाही. मी नेहमीच वेळ घेत आलो.

दादा आमच्या आळीतला. भिवंडीत लूमच्या कारखान्यांत तागे चढवायचं काम करायचा आणि सकाळ-संध्याकाळ तालमीत घुमायचा. मी शाळेत जायला लागलो तेव्हा आमच्या घरात अक्षर ओळखणारं कुणी नव्हतं. भरतीच्या वेळी वाटेवर चिखल-पाणी व्हायचं. दादा मला खांद्यावर घेऊन पलीकडे सोडायचा. "दफ्तर वर धर रं बाला, तू भिजलास तरी चालंल," म्हणायचा. पुढे कॉलेजात नाव घालायची वेळ आली तेव्हा गावचे पुढारी तात्या मदतीला आले. त्यांनी शब्द टाकला, भिवंडीतल्या त्यांच्या घरी राहायला खोली दिली. मी एकाच्या खांद्यावरून आणि दुसऱ्याच्या दारातून शिकलो. दोघांचे उपकार एकाच दिवशी समोरासमोर उभे राहतील, असं तेव्हा कुणाला वाटलं होतं!

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावरच्या चैत्रात पडघ्यापुढच्या एका गावी जत्रेच्या कुस्त्या होत्या. शेवटच्या कुस्तीला तात्यांच्या पुतण्याचं नाव लागलं होतं, समोर मालेगावचा हमीद. आदल्या दिवशी पुतण्याच्या पोटात दुखायला लागलं. ते कसलं दुखणं होतं, ते जत्रेला निघालेल्या आमच्या ट्रकमधल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. तात्या दादाला म्हणाले, "गोविंदा, तू उतर. तिकडे कोण तोंड ओळखतंय? नाव घराण्याचं राहू दे." आमच्याकडे हे नवं नव्हतं. पुढाऱ्याच्या घरचं नाव आणि गड्याचं अंग, अशा कुस्त्या आधीही झाल्या होत्या. दादा हसला, "नाव कुनाचा का असंना, माती तर माझ्याच अंगाला लागंल ना!" यजमान गावातला लिहिणारा आजारी होता, म्हणून तात्यांनी मला पुढे केलं. अक्षर चांगलं होतं माझं. कुस्तीच्या जोड्या नोंदवायची वही माझ्यासमोर आली आणि मी दादाच्या जागी पुतण्याचं नाव लिहिलं. ढाक डाव लावून दादानं हमीदला चीत केलं. फेटा बांधला गेला तो दादाच्या डोक्याला, जयजयकार झाला तो पुतण्याचा. ट्रकभर माणसं घसा बसेपर्यंत ओरडली. त्यांत मीही होतो.

त्याच दुपारी भिवंडीत, दादा कामाला जायचा त्या कारखान्यात कुणीतरी मुकादमाच्या डोक्यात लोखंडी दांडा घातला. मुकादम मेला. आठवड्यापूर्वी या मुकादमानं एका म्हाताऱ्या कामगाराला थोबाडीत मारली म्हणून दादानं त्याची गचांडी धरली होती. एवढं पुरलं. दोघांनी "पैलवानच होता" म्हणून सांगितलं आणि पोलीस त्याला घेऊन गेले. दादा सांगत राहिला, मी जत्रेत कुस्ती खेळत होतो. वही मागवली. वहीत त्याचं नाव नव्हतं. तात्यांना विचारलं, ते म्हणाले, "कुस्ती माझ्या पुतण्यानं मारली. गाव साक्षीला आहे." आणि गाव खरंच साक्षीला उभं राहिलं. त्याच ट्रकमधली माणसं... दादाला जन्मठेप झाली.

वर्षभरानं तात्यांनी मला तुरुंगात त्याला भेटायला पाठवलं. निरोप असा होता : गुन्हा कबूल कर, दयेचा अर्ज करू, मंत्र्यापर्यंत ओळख आहे, लवकर सुटशील. जाळीपलीकडे दादा बारीक झाला होता, पण मान तशीच. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मना सुटाचा हाय रं बाला. रोज सुटाचा हाय. पन खुनी म्हून न्हाय." मग जाळीला तोंड लावून हळूच म्हणाला, "वहीत तू लिवलास. तूच सांग ना कोर्टात."

मी म्हणालो, "दादा, परीक्षा आहे."

त्यानं जाळीपासून तोंड काढलं. "मंग दे परीक्षा. पास हो," म्हणाला आणि वळून आत गेला.

त्यानंतर त्यानं आमच्यापैकी कुणाकडे काही मागितलं नाही. बराकीतल्या एका शिकलेल्या कैद्याकडून तो अक्षरं शिकला. अपिलाचा अर्ज स्वतः लिहिला, तो परत आला, पुन्हा लिहिला. आणि महिन्याला मिळतील ती सगळी पोस्टकार्डं तो मालेगावच्या एकेका तालमीला लिहू लागला. मजकूर एकच : जत्रेत तुमच्या हमीदची पाठ लावली तो मी, गोविंद भोईर, तुरुंगात आहे, त्याला सांगा. घरी एकही पत्र आलं नाही. दीड वर्षानं त्यातलं एक कार्ड हमीदला कुणीतरी वाचून दाखवलं. तो लूमवरचं काम टाकून आला. अपिलात पुन्हा साक्ष घेतली गेली तेव्हा भरल्या कोर्टात त्यानं दादाकडे बोट दाखवलं : "जज साब, जिसने मेरी पीठ लगाई, उसको मैं कैसे भूलूँगा?" जिंकलेलं गाव गप्प बसलं आणि हरलेल्या माणसानं आपली हार शपथेवर सांगितली. पकडल्यापासून तीन वर्षांनी दादा सुटला.

त्याच उन्हाळ्यात मी बी.ए. झालो. तो बसथांब्यावर भेटला. मी खाली बघत होतो. "झालास ना बीए? घरात पयलाच तू," म्हणाला आणि खरंच खूश दिसला. त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तालमीत तो पुन्हा कधी गेला नाही. तुरुंगात धरलेला खोकला अखेर त्याला घेऊन गेला.

हमीदनं सांगितल्यावर मी दादाच्या घरी गेलो. वहिनी ओसरीवर होती. "ये मास्तर," ती म्हणाली. "संपली काय तुजी परीक्षा?" मी चपला काढून ओसरीवर बसलो. जे कोर्टात सांगायचं होतं ते आता इथे लिहितो : ती कुस्ती गोविंद भोईर यांनी मारली. वहीतलं नाव खोटं होतं आणि ते माझ्या हातानं लिहिलं गेलं. तात्यांच्या बैठकीत पुतण्याचा, नंतर तोच फेटा बांधून काढलेला फोटो अजून आहे. हे वाचून तो उतरवला जाईल असं मला वाटत नाही.

निघताना वहिनीचा आवाज जरा मऊ झाला. "त्याचा काही पायजे तर ने," म्हणाली. मी घरभर पाहिलं. कुदळीच्या दांड्यावर कोरलेलं होतं, कंदिलाच्या तळाला खिळ्यानं ओढलेलं होतं, वल्ह्यावर, पाटावर, दाराच्या चौकटीवर, तुरुंगात शिकलेल्या त्या जाड्या अक्षरांत एकच गोष्ट लिहिलेली : गोविंद भोईर. "सुटून आल्यापासून ही सवय," वहिनी म्हणाली. "नवी वस्तू घरात आली की पयला नाव टाकाचा." मी पाट हातात घेतला, त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि तो जागच्या जागी ठेवून दिला.