क्वाकूदादा घरचा झाला

क्वाकूदादा गेल्याचं मला त्याच्या बहिणीच्या, अबेनाच्या, फोनवरून कळलं. मी कॉलेजातून परत येत होते. आमच्या बुधवारा मोहल्ल्याच्या गर्दीत एका बंद दुकानाच्या पायरीवर उभी राहून तिचं इंग्रजी समजून घेत होते. घाना देशातल्या त्याच्या गावाजवळ, तो ज्या बसमध्ये होता ती उलटली... मग अबेना म्हणाली, तुम्ही त्याच्या हिंदुस्थानातल्या घरची माणसं, एक सांगाल का? त्याचं खेळणं कशानं सुटलं? आम्हाला त्यानं कधीच सांगितलं नाही. त्यांच्याकडे अंत्यविधीसाठी सगळे नातेवाईक जमेपर्यंत थांबतात, कधीकधी कित्येक आठवडे, आणि त्या दिवशी गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. मी "सांगते" म्हणाले. अजून सांगितलेलं नाही. माझं इंग्रजी कमी पडतं, हे एक कारण आहे. म्हणून आधी मराठीत लिहून बघते आहे.

दादा पोटासाठी फुटबॉल खेळायचा. मिसरूड फुटायच्या वयात तो इकडे आला, मोठ्या शहरांतल्या क्लबांकडून काही हंगाम खेळला. मग गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं, ऑपरेशन झालं, आणि क्लबनं पुढचा करार केला नाही. आमच्या बऱ्हाणपुरात थंडीत मोहल्ल्यामोहल्ल्यांचे सामने होतात. प्रत्येक संघाला बाहेरचा एक खेळाडू आणता येतो. बुधवाऱ्यानं त्याला आणलं, आणि आमची वरची खोली रिकामी होती म्हणून तो आमच्याकडे उतरला. माझे बाबा बहादरपूरच्या बागांमध्ये केळीचे घड कापणाऱ्या टोळीचे मुकादम. घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. त्यामुळे संघाच्या कमिटीतल्या नंदूकाकांनी बोलणी करायला मला मधे बसवलं. दादाच्या अटी होत्या : अर्धाच सामना खेळणार, मैदानातले खडे वेचलेले हवेत, खेळून झालं की गुडघ्याला बर्फ हवा. काकांचं भांड्यांचं दुकान आहे. त्यांनी पोरांना बजावलं, "प्लेयर आहे भाऊ. त्याचा पाय म्हणजे त्याचं दुकान. सांभाळा!" आणि खरंच, पोरांनी पाट्या घेऊन खडे वेचले.

सामने संपले तरी दादा राहिला. इथं गर्दी कमी, खर्च कमी. गुडघा मजबूत करायचा आणि पुन्हा एखाद्या क्लबात जायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. सकाळी राजघाटाकडे पळायला जायचा. सुरुवातीला लोक नुसते बघत राहायचे, फोटो मागायचे. तो बुधवारी जन्मला म्हणून क्वाकू, हे कळल्यावर आईनं त्याला बुधा केलं आणि मग सगळा मोहल्ला बुधाभाऊ म्हणायला लागला. आई त्याला पाहुण्यासारखं विचारून विचारून वाढायची, उष्ट्या ताटाला हात लावू द्यायची नाही. एक दिवस तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "बुधा, ताट घासून ठेव रे." मी तिच्याकडे बघतच राहिले. दादानं ताट घासलं, आणि गच्चीवर जाऊन अबेनाला फोन लावला. आज यांनी मला ताट घासायला लावलं, असं तो ओरडून ओरडून सांगत होता. इतका आनंद मी त्याच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

पुढच्या थंडीपर्यंत गुडघा बराच सुधारला. गोव्याच्या एका क्लबानं त्याला चाचणीसाठी बोलावलं. इंदूरचे डॉक्टर म्हणाले, सरळ पळ, पण पळताना एकदम वळू नको, अजून काही आठवडे. तो तसाच पळायचा, रुळावरून चालल्यासारखा. आणि त्याच सुमारास बुधवारा फायनलला पोचला.

आदल्या संध्याकाळी नंदूकाका आले. या वेळी मला मधे बसवलं नाही. गरजच नव्हती, दादाला आमचं सगळं समजायचं.

"बुधाभाऊ, उद्या उतरायचं आहे बरं का."

मी म्हणाले, "काका, डॉक्टरांनी वळायची मनाई केली आहे त्याला."

"अगं, तो काय परका आहे का आता? आपल्याच माणसानं घरात बसायचं, अन् समोरच्यांच्या भाड्याच्या प्लेयरनं आपल्या छातीवर नाचायचं?"

"अर्धा तासच तर आहे," बाबा म्हणाले. "खेळून घेईल. काय बुधा?"

दादानं आईकडे पाहिलं. ती पोळ्या लाटत होती. मग हसला आणि म्हणाला, "घर का मॅच है ना, बाबा." अट एकही घातली नाही. घरच्यांना कोण अटी घालतं? मैदानातले खडे या वर्षी कुणी वेचले नव्हते, हे मला दुसऱ्या दिवशी तिथं उभी राहिल्यावर दिसलं.

तो शेवटच्या मिनिटाला गोल मारून सरळ पळत होता. मागून कुणीतरी "बुधाभाऊ!" अशी हाक मारली आणि तो वळला. बस, एवढंच. खाली बसला. पोरांना वाटलं पायात गोळा आला, त्यांनी पाय धरून ओढला, तेल चोळलं. मी ओरडत होते, पण ढोल वाजत होता. बुधवारा जिंकला होता. त्यांनी दादाला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला, आणि मोहल्ल्यापर्यंत मिरवत आणलं. त्याचा पाय वाऱ्यावर लोंबकळत होता. तो दात आवळून हसत होता, हात हलवत होता, कारण सगळे त्याच्याकडे बघत होते...

गोव्याला तो गेला नाही. डॉक्टर म्हणाले, आता खेळ विसरायचा. उन्हाळ्यात तो त्याच्या देशी परत गेला. तोपर्यंत आमच्याशी नेहमीसारखाच बोलत राहिला, ताट घासत राहिला. एकदा तरी भडकला असता, तर निदान माफी मागायला जागा मिळाली असती. नंदूकाका आठवड्यातून एकदा जिलेबी घेऊन यायचे, त्याच्याजवळ बसायचे आणि क्रिकेटवर बोलून निघून जायचे.

अबेनाला काय सांगू? कुणी वाईट वागलं नाही, हे खरं आहे. त्याला पाहुणाच ठेवला असता तर तो आज खेळत असता, हेही खरं आहे. पण ताट घासल्याचा तो फोन तिनंच तर ऐकला होता.

आमचा जिना उभा आहे. दादाला चढायला त्रास व्हायला लागला तेव्हा बाबांनी बागेतून जाड दोरी आणली, वाऱ्यात केळीची झाडं पडू नयेत म्हणून बांधतात ती, आणि भिंतीत खिळे ठोकून खालपासून वरपर्यंत ताणली. वर आता गव्हाच्या कोठ्या आहेत. दोरी कुणी काढली नाही. फोन आला त्या संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि उठून गेले. थोड्या वेळानं जिन्यात खुडबुड ऐकू आली म्हणून मी डोकावले. बाबा खालच्या पायरीवर बसून सैल झालेली गाठ पुन्हा आवळत होते. मग उभे राहिले, दोन्ही हातांनी दोरी धरली आणि सगळं अंग तिच्यावर टाकून पाहिलं, माणसाचं वजन पेलते का ते.