माहेरचं इंजिन

"इंजिन माझ्या वडिलांचं आहे, आई. तेव्हा गाडी कोणाची ते तुम्हीच ठरवा."

"ठरवायचंय काय त्यात? बाहेरून दिसते ती गाडी. पोटात काय आहे ते कोण बघतं?"

"मग पोटातलं काढून घेते. दिसू दे बाहेरून."

अंगणात दोघींच्या मधोमध, स्टुलावर गिअरबॉक्स उघडा टाकून, मिस्त्री बसले होते. आई बोलली की मान डावीकडे, बायको बोलली की उजवीकडे. हात मात्र सवयीने चक्रं जागच्या जागी बसवत होते. अख्ख्या वस्तीच्या जुन्या गाड्यांची इंजिनं त्यांनी इकडची तिकडे केली होती. एकाही गाडीने कधी विचारलं नव्हतं की हे कोणाचं. घरच्या दोन गाड्यांचंच घोडं अडलं होतं.

पांढरी मिस्त्रींच्या वडिलांची. अंगावर एक ओरखडा नाही, पण इंजिन त्यांच्याही आधी गेलेलं. निळी सुनेला तिच्या वडिलांनी दिलेली. इंजिन ठणठणीत, पण तळ इतका गंजलेला की पायाखालून रस्ता पळताना दिसे. दोन्ही एकाच घडणीच्या. म्हणून निळीचं इंजिन आणि गिअरबॉक्स पांढरीत घालायचं मिस्त्रींनी ठरवलं. कोणी दुखावलं जाणार नाही असं त्यांना वाटलं होतं. बिचारे.

सून पडदे शिवायची. हात चांगला, गिऱ्हाईक बक्कळ. पण शिवलेले पडदे पोचवायचे म्हणजे धाकट्या दिराचा टेम्पो. दीर दर वेळी "वहिनी, आज काही जमेलसं वाटत नाही" इथून सुरुवात करायचा आणि चहा पिऊन झाला की उपकार करायचा. तो चहा करून करून ती विटली होती. लायसन्स काढून तिने शिलाई मशीनच्या खणात ठेवलं होतं. आपले पडदे आपण घेऊन जायचे, कोणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, एवढंच तिला हवं होतं.

रविवारी गाडी तयार झाली. सासूबाई आधीच मागच्या सीटवर जाऊन बसल्या, पदर सावरून. सून स्टिअरिंगवर. मिस्त्रींनी फाटक उघडून धरलं. तिने किल्ली फिरवली. माहेरचं इंजिन एका झटक्यात गुरगुरलं, तशी तिने आरशातून सासूबाईंकडे बघून घेतलं. मग पहिला गिअर टाकून हळूच क्लच सोडला.

गाडी मागे निघाली. शांतपणे, दमदारपणे, वाळत घातलेल्या चादरी पोटाशी घेत ती न्हाणीघराच्या भिंतीला जाऊन टेकली.

"सूनबाई," मागून आवाज आला, "फाटक पुढे आहे."

"मी पहिलाच टाकलाय, आई."

"तुझ्या माहेरी पहिला असाच असतो का?"

मिस्त्रींनी सुनेला उतरवलं आणि स्वतः बसले. अंदाज घ्यायला त्यांनी रिव्हर्स टाकून बघितला, तर गाडी खुशाल फाटकाकडे निघाली. पहिला टाकला, मागे. दुसरा टाकला, आणखी जोरात मागे. ते खाली उतरले आणि न्हाणीघराच्या पायरीवर बसले.

"मोठं चक्र उलट्या बाजूला बसलं," ते म्हणाले. "आता चार गिअर मागे आणि एक पुढे."

"तुमच्या हातून?" सून म्हणाली. "शिकाऊ माणूससुद्धा असं करत नाही."

"त्या दिवशी तुम्ही दोघी बोलत होतात."



"म्हणजे ही आता लांब कुठे जायची नाही?" सासूबाईंनी गाडीतूनच विचारलं. त्यांच्या आवाजात काळजी असायला हवी होती. नव्हती.

सून दाराशी गेली. मागच्या सीटवर सासूबाईंची उशी होती, चष्म्याचं घर होतं, भाजी निवडायची परडी होती. रोज दुपारी त्या इथेच बसत. ते तिला माहीत होतं, पण ध्यानात आलं नव्हतं.

"आई, ही गाडी चालायला हवी होती का तुम्हाला?"

"चालती झाली तर दुपारी मी कुठे बसू?"

"मग आधी बोलला का नाहीत?"

"मला कोणी विचारलं? इंजिन कोणाचं, एवढंच तर चाललं होतं."

सुनेने चादरी उचलल्या, झटकल्या आणि पुन्हा धुवायला टाकल्या.  जेवताना तिने तिघांची पानं वाढली, स्वतः बसली, पहिला घास खाल्ला.

"इंजिन निळीत परत जाईल," ती म्हणाली. "गिअरबॉक्स पुन्हा उघडाल तेव्हा आई माडीवर बसतील आणि मी मशीनवर. तळाचा पत्रा मी स्वतः लावून घेईन, ठिगळं लावण्यातच माझा जन्म चाललाय. पांढरी आईंची, ती जागची हलायची नाही. निळी माझी. आणि भावजींना सांगा, चहा प्यायला कधीही या, टेम्पो घरी ठेवून."